मेणाच्या बाळाची चोरी

१

गुरुवारी सकाळी दहा वाजता आमच्या कॉलेजातली एक बाई मोकळी झाली.

बाई मेणाची होती आणि गेली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं तिचे नऊ महिने भरलेलेच होते. पोट पुढून उघडं, आत गर्भाशय, आणि गर्भाशयात दीड वीत लांबीचं बाळ. गुरुवारी पोट जागेवर होतं, गर्भाशय जागेवर होतं, नाळेचा तुकडाही जागेवर होता. फक्त बाळ नव्हतं.

मी वर्षाराणी, या आयुर्वेद कॉलेजची ग्रंथपाल. कॉलेजचं नाव सांगत नाही. मंगरूळपीरहून कारंजाकडे निघालं की लागतं, एवढं पुरे. आमच्या संस्थाचालकांना पेपरात नाव आलेलं फार आवडतं, पण असल्या कारणानं नाही.

ही मेणाची माणसं आमच्याकडे आली कशी, तेही सांगते. संस्थापकांचे वडील डॉक्टरकी शिकायला विलायतेला गेले होते. येताना बाकीचे लोक कोट आणि घड्याळं आणत, यांनी चौदा पेट्या आणल्या. शिकायला प्रेतं मिळत नसत आणि मिळाली तरी टिकत नसत, म्हणून तिकडचे कारागीर मधमाशांच्या मेणातून माणूस घडवायचे. आमच्याकडे सोललेला हात आहे, अर्धा चेहरा आहे, शिरा म्हणून मेणात बुडवलेले लाल-निळे दोरे आहेत आणि भुवयांना खरे केस आहेत. नवीन पोरं पहिल्या दिवशी घाबरतात, दुसऱ्या दिवशी फोटो काढतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी हात जोडतात.

पण मेणाला कुठं माहीत होतं की आपण वाशीम जिल्ह्यात येणार आहोत? मे महिन्यात इथं पारा चव्वेचाळीसवर जातो. तरी इतक्या वर्षांत कुणाची पापणीही वितळली नाही, याचं कारण देवमन पडघान. शरीररचना विभागाचे शिपाई, तेहतीस वर्षांची नोकरी. दोन कूलर, खिडक्यांना ओली पोती, लाइट गेली की टोपल्यांत बर्फाच्या लाद्या. स्वतःच्या लेकरांचं कुणी करणार नाही एवढं त्यांनी या चौदा जणांचं केलं. शनिवारी त्यांचा निरोप समारंभ होता. शेवटचं पुसून घ्यावं म्हणून त्यांनी गुरुवारी कपाटावरचं कापड काढलं आणि तसेच माझ्याकडे लायब्ररीत आले.

"म्याडम, बाळ नाई," ते म्हणाले आणि दाराला धरून उभे राहिले.

अर्ध्या तासात सगळे प्राचार्यांच्या खोलीत जमलो. खोलीचं कुलूप फोडलेलं नव्हतं, म्हणजे ते किल्लीनं उघडलं होतं. किल्ल्या दोन. एक देवमनच्या कमरेला, दुसरी ऑफिसातल्या फळीवर, हेडक्लार्क जगदेवबाबूंच्या डोक्यामागे. जगदेवबाबूंनी लगेच तक्रारीचा कागद पुढं ओढला आणि पेन उघडता उघडता म्हणाले की गेल्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा झाली, यांच्या घरी मेणबत्त्या पुष्कळ लागतात म्हणे.

खोलीत कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, त्याची मला अजून लाज वाटते. देवमननी कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला.

"शनवारपावतर माह्यं नाव साफ करून द्या साहेब," ते म्हणाले. "नाई झालं त मले हार नोको अन् शालबी नोको. मी मागच्या दारानं जातो."

प्राचार्य डॉक्टर दौलतराव खिडकीशी उभे होते. शनिवारपर्यंत पोलीस नकोत, असं ते बाहेर बघतच म्हणाले. जगदेवबाबूंनी मान हलवली, पण कागद फाडला नाही. त्यावर देवमनचं नाव लिहून झालं होतं.

२

मी सरळ मावशीला फोन लावला.

माझी मावशी भागिरथा चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. मंगरूळपीर तालुक्यात अशी एकही पांदण नाही जिच्यातून ती बाळंतपणाला गेली नाही. आता रिटायर होऊन घरी बसलीय आणि घरी बसणं तिच्या प्रकृतीला मानवत नाही. गल्लीतलं हरवलेलं मांजर, शेजारच्या सुनेचं रुसणं, गॅसवाल्याचं खोटं, सगळं ती शोधून काढते. तिची रीत एकच. माणसाला दुखतं कुठं ते तो सांगत नाही, पण त्याचा हात तिथं जातो. आपण तोंड ऐकायचं आणि हात पाहायचा.

दुपारी दोनला, डोक्याला पांढरा रुमाल बांधून, ती रिक्षातून उतरली. आधी तिनं मेणाच्या बाईला नीट पाहिलं. पाठ, पोट, मांड्या. मग म्हणाली की कारागीर हुशार होता, पण त्यानं भरल्या दिवसांची बाई हसरी केली आहे, म्हणजे जवळून पाहिलेली दिसत नाही.

देवमन कोपऱ्यात बसले होते. किल्ल्या काढून दिल्या तरी कूलरमध्ये पाणी भरणं त्यांनी सोडलं नव्हतं. मावशीनं त्यांना मेणबत्तीचं काही विचारलंच नाही. तिनं विचारलं की बाळ आत कसं होतं.

"पाय खाली, डोकं वर," देवमन म्हणाले. "दोनी पाय मोकळे सोडेल. त्याच्यासाठीच त आणलं होतं ते. उलटं बाळ कसं असते, हे पोरायले दिसलं पाह्यजे."

"निघे कसं?"

"अल्लग. दोन हातानं धरलं की येते. म्या बुधवारी चारले पाह्यलं, तवा होतं. पाचले घरी गेलो."

मावशीनं मान डोलावली आणि चष्म्याचं पत्र्याचं घर तिच्या हातून निसटून खण्णकन खाली पडलं. देवमन उठले, वाकून ते उचललं, धोतराला पुसलं आणि तिच्या हातात दिलं. मला वाटलं, मावशी म्हातारी झाली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "वर्षे, ज्यानं नेलं त्यानं दुसरं काईच नेलं नाई. इकायचं असतं त अर्धा चेहरा नेला असता, तो जास्त सुंदर हाय. वितळवायचं असतं त सोललेला हात नेला असता, त्यात मेण जास्त हाय. अन् तुह्या त्या बाबूले सांग, मेणबत्तीचं मेण दुकानात दहा रुपयाले भेटते. हे जुनं, रंग कालवलेलं मेण, त्याची वात सरळ जळतबी नाई. बाळच पाह्यजे होतं त्याले. हेच बाळ. काहून?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नेलंय.

३

पहिले जगदेवबाबू. मेणाची खोली त्यांना कॉम्प्युटरसाठी हवी आहे, हे अख्ख्या कॉलेजला माहीत. एक नमुना हरवला तर बाकीचे तेरा मुंबईच्या एखाद्या संग्रहालयाला पाठवून द्या म्हणायला ते मोकळे. म्हणजे कारण होतं, आणि किल्लीही त्यांच्याच डोक्यामागे.

मावशीनं त्यांना तासभर बोलू दिलं. बोलता बोलता ते तीनदा म्हणाले की माझ्या मागच्या फळीवरून किल्ली कोणीही घेऊ शकतं, मला पाठीला डोळे नाहीत. मावशीनं विचारलं, कोणीही म्हणजे कोण? सफाईवाली, शिकवणारे, साहेब, ही ग्रंथपालबाई, सगळेच, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, धन्यवाद. तेवढ्यात मावशीचं चष्म्याचं घर पुन्हा पडलं. जगदेवबाबू खुर्चीतून अर्धे उठले, टेबलाखाली थेट डोकं घातलं आणि ते काढून दिलं. पोट एवढं मोठं असून माणूस चांगलाच चपळ निघाला.

मग गोजराबाई. गोजराबाई व्हरांडे झाडते. तिची सून दिवसांत आहे आणि मेणाच्या बाईला ती दर शुक्रवारी गुपचूप कुंकू लावते. देवमन ते शनिवारी गुपचूप पुसतात. दोघांनी एकमेकांना कधी विचारलेलं नाही, अशी आमच्याकडे शांतता आहे. माझा संशय तिच्यावर बराच होता. सून बाळंत होईपर्यंत घरात असावं म्हणून नेलं असेल, असं मी मावशीच्या कानात सांगितलं. मावशीनं मला गप्प केलं.

गोजराबाईनं शपथेवर सांगितलं की हात लावायची तिची हिंमत नाही. कुंकू लावतानाही ती डोळे मिटते. चष्म्याचं घर पडलं, तेही तिनं उचललं, वर मावशीला म्हणाली की सिस्टर, तुमच्या हाताले लकवा त नाई ना भरला. जायला उठली आणि दारातून परत फिरली.

"एक गोट हाय, पण तुमी हासान," ती म्हणाली. "आज सकाळी ऑफिसपुढचा व्हरांडा झाडून राह्यली होती मी. त्यात एक दाणा भेटला. मले वाटलं तांदूळ हाय मोठ्ठा. फेकून देत होती, पण मंग फेकला नाई."

"काहून?"

गोजराबाईनं पदराची गाठ सोडली. "त्याले नख हाय ना वो."

४

मावशीनं तो दाणा भिंगाखाली धरला. मेणाचं बोट होतं, पायाचं, करंगळीचं. नख एवढंसं, पण कारागिरानं त्याच्या कडेला लाली दिली होती. बोट गोल नव्हतं, चपटं झालं होतं, आणि चपट्या बाजूवर बारीक जाळी उमटली होती. मावशीनं मला ती जाळी दाखवली. असली जाळी कुठं पाहिली आहेस, विचारलं. मी म्हटलं, मच्छरदाणीची असेल. ती म्हणाली, लग्न झालेल्या बाईला हे कळायला पाहिजे.

त्याला वासही येत होता, नारायण तेलाचा. मला फार आनंद झाला, चोराचा वास सापडला म्हणून. पण आमचं आयुर्वेद कॉलेज. इथं सगळ्यांनाच नारायण तेलाचा वास येतो, माझ्या पुस्तकांनासुद्धा.

शुक्रवारी सकाळी प्राचार्यांची भेट ठरली. दौलतराव मूळचे रिठदचे, शेतकऱ्याघरचे, शिकून मोठे झाले आणि शुद्ध बोलू लागले. शाळाशाळांत जाऊन अंधश्रद्धेवर व्याख्यानं देतात. लिंबू-मिरचीवर तर इतकं सुंदर बोलतात की ऐकून पोरांना भूक लागते. त्यांनी मावशीला खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. वडीलधाऱ्या बाईसमोर बसणं बरं दिसत नाही, म्हणाले. मला ते आवडलं. देवमनवर माझा पूर्ण विश्वास आहे, असंही म्हणाले. मावशीनं विचारलं, मग तसं कालच सगळ्यांसमोर का नाही म्हणालात? त्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

चष्म्याचं घर पडलं. यावेळी ते अगदी प्राचार्यांच्या पायाशी पडलं. दौलतरावांनी खाली पाहिलं, मग हात लांब करून टेबलावरची घंटी वाजवली. शिपाई आला आणि त्यानं ते उचलून दिलं. मला मनातून राग आला. साहेबी किती असावी माणसात, चार बोटांवर पडलेली वस्तू उचलायला घंटी.

बाहेर आल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं. मावशी खुशीत होती, कारण नसताना खुशीत. तिनं मला कॅन्टीनमध्ये पोहे घ्यायला लावले आणि स्वतः दोन बशा खाल्ल्या.

तिथंच आम्हाला पौर्णिमा भेटली, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. हिच्यावरही माझी नजर होतीच, कारण मेणाच्या बाळाचं बारसं असा व्हिडिओ तिनं मागच्या महिन्यात केला होता आणि बाळाचं नाव ठेवलं होतं मधुकर. पण पोरगी रडवेली झाली होती. शनिवारी देवमनकाकांवर म्हणायला तिनं गाणं बसवलं होतं. ते आता म्हणायचं की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं.

मावशीनं तिला जवळ बसवलं आणि विचारलं की चार-पाच दिवसांत कॉलेजात काही वेगळं घडलं का, कितीही फालतू असो.

पौर्णिमा विचार करून म्हणाली, "सोमवारी जगदेव सर आमच्या वर्गात आले होते. कुणी पायाकडून जन्मलेलं आहे का, पायाळू, असं विचारलं. आम्ही साठ जणी. बेचाळीस सिझर निघाल्या, बाकीच्या सरळ. पायाळू एकही नाही. सर फार नाराज होऊन गेले."

५

मी उभीच राहिले. जगदेवबाबूच. बाळ पायाळू, जगदेवबाबू पायाळूच्या शोधात, किल्ली जगदेवबाबूंच्या मागे. आणखी काय पाहिजे? मी ऑफिसकडे निघाले, तर मावशीनं माझी ओढणी धरली आणि उलट्या बाजूला, प्राचार्यांच्या क्वार्टरकडे वळवली. चालता चालता तिनं सगळं सोडवून दाखवलं.

पायाळू माणूस लोकांना कशासाठी लागतो? आपल्याकडे पाठीत उसण भरली, म्हणजे अशी चमक बसली की वाकता येईना, तर पायाकडून जन्मलेल्या माणसानं पाठीला पाय लावावा, उसण निघते, असं मानतात. पूर्वी गावोगाव असा एक तरी पायाळू असायचा आणि लोक त्याच्या दारात पाठ वळवून उभे राहायचे. आता बाळ उलटं दिसलं की बाईला गाडीत घालून अकोल्याला नेतात आणि सिझर करतात. मावशी म्हणाली, तिनं स्वतः कितीतरी नेल्या. पायाळूंची पैदासच बंद झाली. मंगरूळपीर तालुक्यात पाठ धरलेल्या माणसानं जावं कुठं? मग त्याला आठवलं असेल की एक पायाळू आहे, काचेच्या कपाटात, ऐंशी वर्षांपासून.

"मग जगदेवबाबूंचीच पाठ धरली असेल," मी म्हटलं.

"टेबलाखाली डोस्कं घातलं त्यानं. उसण भरेल माणूस असा वाकते?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात चष्म्याचं घर वाजलं. देवमन वाकले. जगदेवबाबू वाकले. गोजराबाई वाकली. एकच माणूस वाकला नाही. तो बसलाही नव्हता, भिंतीला टेकून उभा होता. जगदेवबाबू पोरींच्या वर्गात जाऊन पायाळू शोधत होते ते दुसऱ्यासाठी. आणि हेडक्लार्क असली लाजिरवाणी चौकशी करत हिंडतो ती कुणासाठी? बायकोसाठी नाही. साहेबासाठी. आणि बोटावरची ती जाळी बनियनची होती, जाळीच्या बनियनची.

दौलतरावांनी दार उघडलं. मावशीनं तळहात पुढं केला, त्यावर ते करंगळीचं बोट होतं. दौलतरावांनी ते पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप कमरेवर गेला.

ते आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात, आंबे आणि दह्याच्या भांड्याच्या मधे, टॉवेलात गुंडाळलेलं बाळ होतं. तोंडावर अगदी समाधान. उजवा पाय मात्र घोट्यापासून चपटा झाला होता.

"सिस्टर, मी रिठदचा माणूस," दौलतराव म्हणाले, आणि त्यांची शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. "माय मले लहानपणी पायाळूकडे नेत जाय. आठ दिवसांपासून झोप नाई. लेप झाले, शेक झाले, आपल्याच दवाखान्यातलं सारं झालं. जगदेवले सांगतलं, पाहुण्यासाठी पाह्यजे एखादा पायाळू. भेटला नाई. बुधवारी साडेपाचले खोलीवरून जात होतो. म्हटलं, पाहू."

"पण लावला कसा पाय? मागं हात पोचते काय तुमचा?"

दौलतरावांनी मान खाली घातली. "पलंगावर ठेवलं अन् मी त्याच्यावर झोपलो."

पंच्याऐंशी किलोंचा तो देह, मे महिन्याचा उकाडा, पाठीला चोपडलेलं कोमट तेल आणि त्याच्याखाली विलायतेहून आलेला तो इवलासा पाय माझ्या डोळ्यांपुढं आला. मी तोंडात ओढणी कोंबली.

"कट्ट वाजलं," ते म्हणाले. "मले वाटलं, उसण निघाली."

मग मात्र मावशीलाच हसू आवरेना. ती ओट्याला धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि पाठ धरून दौलतरावही. करंगळी बनियनला चिकटून गुरुवारी ऑफिसपर्यंत गेली असणार, हे त्यांनाही तेव्हाच कळलं. हसणं ओसरल्यावर मावशीनं विचारलं की देवमननी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत.

"जीभच उचलली नाई. एवढी व्याख्यानं दिली मी."

मावशीनं बाळ पुन्हा टॉवेलात गुंडाळलं आणि त्यांच्याच हातात दिलं.

"उद्या तुमीच सांगा, साऱ्यायसमोर," ती म्हणाली. "म्या सांगतलं त ते चोरी होईन. तुमी सांगतलं त चूक होईन."

सांगतील की नाही, तिलाही खात्री नव्हती. परत येताना ती एकदाही हसली नाही.

६

शनिवारी अकराला हॉल भरला. देवमन यायला तयार नव्हते. नाव साफ झाल्याशिवाय स्टेजवर पाय ठेवणार नाही म्हणत होते. त्यांची मुलगी धम्मदीपा नागपूरहून आली होती, तिनं आणि त्यांच्या बायकोनं, हेमलाबाईंनी, कसंबसं त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. ते सकाळी सहापासून अगदी हॉलमध्ये येईपर्यंत कूलर भरत होते. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पायाला ओली माती. जगदेवबाबू तक्रारीचा कागद खिशात घालून दाराशी उभे.

दौलतराव टॉवेल घेऊन स्टेजवर गेले आणि माइकसमोर त्यांनी तो उघडला. हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली आणि लगेच थांबली. त्यांनी सगळं सांगितलं. उसण, पाहुण्याचं खोटं, साडेपाच वाजता घेतलेली किल्ली, पलंग, कट्ट. काही वगळलं नाही. पोरं आधी घाबरून हसली नाहीत, मग त्यांना राहवलं नाही. शेवटी दौलतराव म्हणाले की देवमन पडघान यांच्यावर दोन दिवस चोरीचा डाग राहिला तो माझ्यामुळे, आणि मी ते उभ्यानं पाहिलं. हे ऐकून हॉलमधलं हसू थांबलं.

दाराशी जगदेवबाबूंनी खिशातून कागद काढला, चार तुकडे केले आणि सरळ देवमनपुढं येऊन हात जोडले. मेणबत्तीचं मी बोलायला नको होतं, म्हणाले. देवमननी त्यांचे हात धरून खाली केले. मग ते उठले. त्यांना माइक देऊ केला, तो घेतला नाही.

"सर," ते म्हणाले, "मी पायाळू हाओ."

पहिल्यांदा कुणाला नीट कळलंच नाही. शेजारी बसलेली मावशी माझ्याकडे वळली. तीन दिवस तिनं सगळं पाहिलं होतं, पण हे तिलाही दिसलं नव्हतं.

"माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून आमच्या घरात हे मानणं बंद हाय," देवमन सांगत होते. "मीबी मानत नाई. पण माय सांगे, देवमन पायाकडून आला. तुमी इचारलं असतं त मी लावला असता पाय. तुमाले बरं वाटलं असतं, माह्यं काय जात होतं? तेहतीस वर्सं बाजूच्या खोलीत जिता माणूस बसेल होता, सर. तुमी मेणाले इचारत गेले."

जिवंत माणसाला का नाही विचारलं, शिपायाला पाठ का नाही दाखवली, हे दौलतरावांना तिथंच उभ्या उभ्या उमगत असावं. त्यांच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडावरही.

मग ते स्टेजवरून उतरले. एकेक पायरी, कठड्याला धरून.

"माझी उसण गेलेली नाही, देवमन," ते म्हणाले. "अजून दुखते."

एवढं बोलून ते पहिल्या रांगेपुढं पाठ करून उभे राहिले, दोन्ही हातांनी हार-शालीच्या टेबलाची कड धरली आणि जेवढं वाकता येत होतं तेवढं वाकले. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट होता, निरोपासाठी घातलेला. देवमननी हेमलाबाईंकडे पाहिलं. तेहतीस वर्षांत त्यांनी या कॉलेजात आवाजही चढवला नव्हता.

"लावा ना मंग," हेमलाबाई म्हणाल्या. "माणूस कवाचा वाकून उभा हाय."

देवमननी चप्पल काढली, धम्मदीपाच्या खांद्याला धरलं आणि पाय उचलून अगदी हलकेच प्राचार्यांच्या पाठीला लावला. हॉल नुसता दणाणला. बाकं वाजली, शिट्ट्या वाजल्या, गोजराबाई दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती, आणि मावशी चक्क बाकावर उभी राहिली. पौर्णिमानं न सांगताच गाणं सुरू केलं. दौलतराव सरळ झाले, वळले आणि त्यांनी देवमनला मिठी मारली. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि दोघंही हसत होते.

उसण गेली का, हे मी नंतर विचारलं. त्यांनी शास्त्राचा माणूस म्हणून काहीही सांगायला नकार दिला. मावशीच्या मते पंधरा दिवसांत ती तशीही जाते.

पण त्या दिवशी दौलतरावांनी शर्ट बदलला नाही. पाठीवर मधोमध ओल्या मातीचा पाचही बोटांचा पाय उमटला होता. पंगतीला ते तसेच बसले, आणि दुपारी देवमनला त्यांच्या गावच्या, धनजच्या बसमध्ये बसवून द्यायला मंगरूळपीरच्या स्टँडपर्यंत तसेच गेले. तिथं ओळखीचा जो भेटेल तो विचारायचा, साहेब, पाठीला काय लागलं. दौलतराव वळून पाठ नीट दाखवायचे आणि सांगायचे, देवमनचा पाय आहे.